घरच्या फोटोंसाठी सॉफ्टवेअर निवडताना: आधी बाहेर पडायची वाट तपासा

१५ मार्च २०१६ रोजी गूगलने पिकासाला कायमचा निरोप दिला. त्याआधीची कितीतरी वर्षं आपल्याकडच्या घरगुती डेस्कटॉपवर फोटो बघायचे म्हणजे पिकासातच. फुकट, हलकं, जुन्या मशीनवरही चालणारं, वर चेहरे ओळखून नावं लावायची सोय. हौशी काका-मामांनी सुट्टीत बसून हजारो चेहऱ्यांना नावं दिली. कंपनीने पाठ फिरवल्यावर फोटो जागेवरच राहिले, पण ती नावं आणि केलेली दुरुस्ती बऱ्याच घरांत जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेली. ॲपलचे आयफोटो आणि अपर्चर २०१५ मध्ये गेले, मायक्रोसॉफ्टची फोटो गॅलरी जानेवारी २०१७ मध्ये गेली.

म्हणजे सॉफ्टवेअरचं आयुष्य साधारण दहा-पंधरा वर्षं, आणि बारशाचा फोटो त्या बाळाच्या नातवंडांनी बघावा ही आपली अपेक्षा. हे लक्षात घेतलं की तुलनेचा निकष बदलतो. कोणात किती फिल्टर आहेत, एआय आकाश बदलून देतं का, हे प्रश्न मागे पडतात. पुढे येतो तो हा: मी लावलेली नावं, सुधारलेल्या तारखा आणि लिहिलेल्या टिपा हे सॉफ्टवेअर फोटोच्या फाइलमध्येच लिहितं, की स्वतःच्या पोटात ठेवतं? भाड्याच्या घरात भिंतीत करून घेतलेलं कपाट सोडताना बरोबर नेता येत नाही. तुमची मेहनत त्या कपाटात जातेय की उचलून नेता येणाऱ्या ट्रंकेत, एवढंच बघायचं आहे.

पहिली पायरी: निवड नंतर, गोळाबेरीज आधी

काहीही डाउनलोड करण्यापूर्वी घरात फोटो कुठे कुठे आहेत त्याची कागदावर यादी करा. सगळ्यांचे चालू फोन, कपाटातले बंद पडलेले फोन, जुना डेस्कटॉप, लग्नाच्या फोटोग्राफरने दिलेल्या डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह, डिजिटल कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड, कोणाच्या तरी ईमेलमधली अटॅचमेंट, आणि माळ्यावरचे काळ्या पानांचे अल्बम. डीव्हीडी असतील तर त्या आधी उतरवा. त्यांच्यावरचा थर वर्षांनुवर्षं खराब होत जातो आणि आता डीव्हीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप शोधावा लागतो.

हे सगळं एका मोठ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये, जिथून आलं त्याच्या नावाने वेगवेगळं उतरवा: ‘आईचा फोन’, ‘बाबांचा डेस्कटॉप’, ‘लग्न डीव्हीडी’. या टप्प्यावर काहीही पुसायचं नाही आणि नीटही लावायचं नाही. डिस्क केवढी घ्यायची याचा हिशोब सोपा आहे. फोनचा एक फोटो सरासरी ४ एमबी धरला तर २५,००० फोटोंना सुमारे १०० जीबी लागतात. व्हिडिओ हा हिशोब सहज चौपट करतात, म्हणून १ टीबीच्या खाली जाऊ नका.

उतरवताना तीन ठिकाणी हमखास गोंधळ होतो.

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचे फोटो कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये नसतात. नव्या फोनमध्ये ते ‘अँड्रॉइड’ फोल्डरमधल्या ‘मीडिया’च्या आत, व्हॉट्सॲपच्या फोल्डरात असतात. ‘सेंट’ नावाचा उपफोल्डर पाठवलेल्या फोटोंचा असतो. तुमच्याकडे मूळ फोटो असेल तर तो बिनकामाचा, पण मूळ हरवलेला असेल तर तेवढाच आधार.

आयफोनमध्ये ‘ऑप्टिमाइज स्टोरेज’ चालू असेल तर फोनमध्ये फक्त छोट्या आवृत्त्या असतात, मूळ फाइल आयक्लाउडवर. केबल लावून विंडोज लॅपटॉपवर फोटो ओढले की अर्धेच येतात आणि माणूस समजतो सगळे आले. अशा वेळी विंडोजवर आयक्लाउडचं ॲप टाकून, किंवा आयक्लाउडच्या साइटवरून, मूळ फाइल उतरवाव्या.

जुन्या डेस्कटॉपवर पिकासा असेल तर प्रत्येक फोल्डरमध्ये ‘पिकासा डॉट आयएनआय’ ही लपलेली फाइल असते. तुम्ही केलेली छाटणी, उजेडाची दुरुस्ती वगैरे तिच्यात नोंदलेली असते, फोटोत नाही. पिकासात ‘सेव्ह’ दाबलं असेल तरच दुरुस्ती फोटोत उतरलेली असते आणि मूळ फोटो ‘पिकासाओरिजिनल्स’ या लपलेल्या फोल्डरात गेलेला असतो. त्यामुळे विंडोजमध्ये आधी लपलेल्या फाइल दिसू द्या आणि फोल्डर अख्खेच्या अख्खे उचला. तो डेस्कटॉप अजून सुरू होत असेल तर नशीब समजा. पिकासा उघडून सेटिंग्जमध्ये नावं फोटोत लिहिण्याचा पर्याय चालू करा, दुरुस्त्या सेव्ह करा, मगच कॉपी करा.

दुसरी पायरी: वीसेक फोटोंचा नमुना

आता परीक्षेचा पेपर काढायचा. सगळ्या साठ्यातून वीसेक फोटो असे निवडा की प्रत्येकात काहीतरी अडचण असेल. व्हॉट्सॲपवर आलेला एक, आयफोनचा एचईआयसी फॉरमॅटमधला एक, स्कॅन केलेला कृष्णधवल फोटो, गर्दीचा समूहफोटो, उभा काढलेला पण आडवा दिसणारा, मराठी नावाची फाइल, एखादा छोटा व्हिडिओ. घरात डीएसएलआर असेल तर एक रॉ फाइलही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जशीच्या तशी साठवलेली). १९७० च्या आधीचा एखादा फोटो मुद्दाम घ्या, कारण संगणकाची कालगणना बऱ्याचदा १ जानेवारी १९७० पासून सुरू होते आणि काही सॉफ्टवेअर त्याआधीच्या तारखेला अडखळतात.

हा नमुना प्रत्येक उमेदवार सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि पाच गोष्टी करा: दोन चेहऱ्यांना नावं द्या, एका फोटोला मराठीत टीप लिहा, स्कॅन केलेल्या फोटोची तारीख बदला, एक फोटो छाटा, तीन फोटोंचा अल्बम करा. मग हे सगळं त्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढून दुसऱ्या फोल्डरात ठेवा आणि दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. काय उरलं?

दुसरं सॉफ्टवेअर नसेल तर विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधलं ‘डिटेल्स’ पान बघा. मॅकवर ‘प्रीव्ह्यू’मध्ये इन्स्पेक्टर उघडा. तारीख, टीप, टॅग तिथे दिसले तर ते फाइलमध्ये आहेत. संध्याकाळभराचं काम आहे. जाहिराती, तारांकित परीक्षणं आणि यूट्यूबवरच्या तुलना यांतून जे कळत नाही ते यातून कळतं.

उमेदवार

गूगल फोटोज. शोधण्याच्या बाबतीत याच्या जवळपास कोणी नाही. चेहऱ्यावरून, ठिकाणावरून, फोटोतल्या वस्तूवरून सापडवून देतो, आणि ज्यांना फोल्डर ही कल्पनाच जड जाते अशा घरातल्या मोठ्यांनाही तो जमतो. मे २०१५ मध्ये आला तेव्हा अमर्याद जागा फुकट होती. १ जून २०२१ पासून ती बंद झाली. आता १५ जीबी मिळतात, तेही जीमेल आणि ड्राइव्हसह मिळून. ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलं तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो तेवढ्यावर आणले जातात. घरगुती प्रिंटला ते पुरतं, पण तुमची एकमेव प्रत गूगलवर असेल तर ‘ओरिजिनल क्वालिटी’च ठेवा.

परीक्षेत मात्र गूगल फोटोज मार खातो. तुम्ही बदललेली तारीख आणि लिहिलेली टीप डाउनलोड केलेल्या फोटोत येत नाही. सगळा साठा बाहेर काढायला ‘टेकआउट’ ही सोय आहे. तिच्यातून झिप फाइल मिळतात, आणि प्रत्येक फोटोसोबत एक जेसन फाइल येते. तारीख, टीप, ठिकाण, माणसांची नावं त्या जेसनमध्ये असतात, फोटोत नाही. नावं असली तरी चेहरा फोटोत नेमका कुठे आहे ते नसतं. अल्बममधला फोटो अल्बमच्या फोल्डरातही येतो आणि वर्षाच्या फोल्डरातही, त्यामुळे साठा फुगतो. जेसनमधली माहिती पुन्हा फोटोत घालणारी साधनं आहेत, पण ते काम तांत्रिक डोक्याच्या भाच्याला सांगावं लागेल.

आणखी दोन गोष्टी गूगल फोटोज वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत हव्यात. बॅकअप चालू असताना ॲपमधून फोटो पुसला तर तो फोनवरून आणि खात्यावरून दोन्हीकडून जातो, आणि ६० दिवसांनी कचरापेटीतूनही. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ वापरायचं, ‘डिलीट’ नव्हे. दुसरं, दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसू शकतं. आजोबा गेले आणि त्यांच्या खात्यात कोणी शिरलंच नाही, तर त्यांचे फोटोही जाऊ शकतात. ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ या सेटिंगमध्ये वारसाचा ईमेल आधीच देता येतो. ॲपलकडे अशीच ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ची सोय आहे. विषय काढायला अवघड आहे, पण मृत्युपत्रापेक्षा लवकर होतो.

ॲपल फोटोज. घरात सगळे आयफोन आणि एखादा मॅक असेल तर वेगळं काही शोधायची गरज नाही, दुरुस्तीची साधनंही उत्तम आहेत. आयक्लाउडवर फुकट फक्त ५ जीबी, म्हणजे पैसे द्यावे लागतील हे धरून चाला. मॅकवर बाहेर काढताना दोन वाटा आहेत. साध्या ‘एक्स्पोर्ट’मध्ये दुरुस्त केलेला फोटो मिळतो आणि शीर्षक, टीप, कीवर्ड सोबत घ्यायचे की नाही ते विचारलं जातं. ‘अनमॉडिफाइड ओरिजिनल’मध्ये मूळ फाइल मिळते आणि तुमची टिपणं शेजारी एक्सएमपी फाइलमध्ये (फोटोची माहिती ठेवणारी छोटी सोबतची फाइल) घेता येतात. चेहऱ्यांची नावं मात्र आतच राहतात. निम्मं घर अँड्रॉइडवर असेल तर ॲपल फोटोजला घराचं मुख्य कोठार करू नका, वाद होतील.

डिजिकॅम. माझं मत इथेच झुकतं हे आधीच सांगून टाकतो. मुक्त आणि मोफत, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, आणि तुमचे फोल्डर जिथे आहेत तिथेच राहू देतं. चेहरे ओळखतं, तेही तुमच्याच संगणकावर, फोटो बाहेर न पाठवता. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे टीप, टॅग, तारीख आणि चेहऱ्याची चौकट फाइलमध्ये लिहू शकतं. पिकासाने फोटोत लिहिलेली नावंही ते वाचतं.

पण ‘लिहू शकतं’ म्हणजे तुम्ही सांगितलं तर. बसवल्यावर पहिलं काम: ‘सेटिंग्ज’मधून ‘कॉन्फिगर डिजिकॅम’, तिथे ‘मेटाडेटा’. टॅग, टिपा, तारखा, रेटिंग आणि चेहऱ्यांचे टॅग फोटोत लिहायचे पर्याय तिथे आहेत. हवे ते सगळे चालू आहेत याची खात्री करा. रॉ फाइलसाठी शेजारी एक्सएमपी फाइल लिहिण्याचा पर्याय घ्या. चेहरे ओळखण्यासाठी पहिल्यांदा एक मोठी फाइल उतरवून घ्यावी लागते आणि मग साठा चाळायला रात्रभर लागू शकतं. डिजिकॅमचा डेटाबेस संगणकाच्या आतल्या डिस्कवर ठेवा, फोटो बाहेरच्या डिस्कवर असले तरी चालतील.

दोष? दिसायला ते विमानाच्या कॉकपिटइतकं गच्च आहे. तुमच्या आईला ते आवडणार नाही, आणि आवडण्याची गरजही नाही. घरात एकाने डिजिकॅम शिकायचं, बाकीच्यांनी निकाल बघायचा.

लाइटरूम आणि एलिमेंट्स, दोन्ही ॲडोबीची. लाइटरूम क्लासिक ज्यांना छायाचित्रणाचाच नाद आहे त्यांच्यासाठी. रॉ फाइलवर काम करायचं असेल तर ते पैशाला जागतं. आपली माहिती ते मूळात स्वतःच्या कॅटलॉगमध्ये ठेवतं, पण कॅटलॉग सेटिंग्जमध्ये बदल आपोआप एक्सएमपीमध्ये लिहायचा पर्याय आहे, तो चालू करा. वर्गणी थांबली तरी क्लासिकमध्ये फोटो बघता आणि बाहेर काढता येतात. दुरुस्तीचा विभाग मात्र बंद होतो. फोटोशॉप एलिमेंट्स एकदाच पैसे देऊन कायमचं मिळायचं, म्हणून घरगुती वापराला अनेकजण तेच सुचवायचे. २०२५ च्या आवृत्तीपासून तो परवाना तीन वर्षांचा झाला. जुने सल्ले वाचताना हे ध्यानात ठेवा. त्याच्या ऑर्गनायझरमध्ये माहिती फाइलमध्ये लिहिण्याची आज्ञा आहे, ती अधूनमधून द्यावी लागते.

विंडोजमधलं मायक्रोसॉफ्ट फोटोज बघायला आणि पटकन छाटायला ठीक, कोठार म्हणून नको. एचईआयसी फोटो उघडत नसतील तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘हाइफ’ची मोफत जोड टाका, काही संगणकांवर ‘एचईव्हीसी’ची वेगळी जोडही लागते.

याशिवाय तीन छोटी, घरगुती वापरासाठी मोफत साधनं: इरफानव्ह्यू, फास्टस्टोन आणि एक्सएनव्ह्यू एमपी. कोठार म्हणून नव्हे, हत्यारं म्हणून. एकाच क्षणाचे चार फोटो शेजारी-शेजारी ठेवून चांगला निवडायचा असेल तर फास्टस्टोन. शंभर फाइलची नावं एकदम बदलायची किंवा आकार लहान करायचा असेल तर इरफानव्ह्यू. डिजिकॅम फार जड वाटलं तर एक्सएनव्ह्यू एमपी. टिपा आणि कीवर्ड तेही फाइलमध्ये लिहितं.

घरात सर्व्हर चालवायची हौस असलेला कोणी असेल तर इमिच बघा. गूगल फोटोजसारखंच दिसतं, पण फोटो तुमच्याच घरातल्या मशीनवर राहतात. मूळ फाइलला ते हात लावत नाही, माहिती शेजारच्या एक्सएमपीत लिहितं. पण ती हौस असलेला माणूस नोकरीला परगावी गेला तर पुढे काय, हा प्रश्न आधी विचारा.

तिसरी पायरी: तारखा

फोटो लावण्यातलं निम्मं काम तारखांचं आहे. तारीख बरोबर असली की पुढचं बरंचसं आपोआप जागेवर बसतं.

कॅमेरा फोटो काढताना फाइलमध्ये ‘एक्झिफ’ नावाच्या भागात तारीख-वेळ लिहितो. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि हा भागही काढून टाकतं. उरतं फक्त फाइलचं नाव: ‘आयएमजी’, मग वर्ष-महिना-दिवस सलग, मग ‘डब्ल्यूए’ आणि क्रमांक. डिजिकॅमच्या ‘ॲडजस्ट टाइम अँड डेट’ या साधनात तारीख फाइलच्या नावावरून घ्यायची सोय आहे. शेकडो फोटो निवडून एकदम लावता येते. मात्र ती तारीख फोटो तुमच्या फोनवर आला त्या दिवसाची. कुटुंबाच्या ग्रुपवर आत्याने टाकलेला १९८५ चा फोटो त्यामुळे २०१९ मध्ये जाऊन बसतो. असे जुने फोटो आधी वेगळे काढा, आणि सुप्रभातची फुलं, पंचांग, पाककृतींचे तुकडेही.

इथून पुढे चांगला फोटो मागायचा असेल तर समोरच्याला सांगा, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’. तसा पाठवला की मूळ फाइल तारखेसकट येते.

दुसरा घोळ कॅमेऱ्याच्या घड्याळाचा. बॅटरी बराच काळ काढून ठेवली की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं आणि गणपतीचे फोटो १ जानेवारीचे होतात. अशा वेळी एकेक तारीख बदलू नका. एका फोटोची खरी वेळ शोधा, फरक काढा, आणि तेवढाच फरक सगळ्या संचाला लावा. क्रम बिघडत नाही. हाच उपाय परदेशातल्या पाहुण्यांच्या कॅमेऱ्याला. न्यू जर्सीहून लग्नाला आलेल्या चुलतभावाने घड्याळ बदललं नसेल तर त्याचे फोटो हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतात. सकाळचे सीमंतपूजनाचे फोटो आदल्या रात्रीत जातात. फोन स्वतःची वेळ बदलून घेतो, कॅमेरा घेत नाही.

तिसरा प्रश्न स्कॅन केलेल्या फोटोंचा. त्यांच्यावर स्कॅन केल्याची तारीख पडते. फोटोच्या मागे शिक्का, स्टुडिओचं नाव, हाताने लिहिलेलं काही असेल तर फोटोची पाठही स्कॅन करा. फक्त वर्ष माहीत असेल तर त्या वर्षाची १ जानेवारी द्या आणि टिपेत स्पष्ट लिहा, ‘तारीख अंदाजे, १९७८ च्या सुमारास’. नाहीतर वीस वर्षांनी कोणीतरी ती खरी मानून चालेल. स्कॅन करताना पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरतं, पासपोर्ट किंवा त्याहून छोट्या फोटोला ६०० घ्या. स्कॅनर नसेल तर फोनवरचं गूगलचं फोटोस्कॅन चमक काढून टाकतं, अल्बमला चिकटून बसलेल्या फोटोंना तेच बरं. ओढून काढायला जाऊ नका.

चौथी पायरी: नावं आणि टिपा

फोल्डरचं नाव तारखेने सुरू करा: वर्ष, महिना, दिवस आणि मग प्रसंग. ‘२०१९-०५-१२ मुंज, सातारा’ असं. प्रसंगाचं नाव मराठीत खुशाल लिहा, पण तारखेचे आकडे कीबोर्डवर इंग्रजीत टाइप करा, म्हणजे कोणत्याही यंत्रावर क्रम बरोबर लागतो.

टिपा युनिकोड मराठीतच लिहा. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांचा ढीग होतो. वीस वर्षांपूर्वीच्या सीडीवरच्या याद्या ज्यांनी उघडून पाहिल्यात त्यांना हे माहीत आहे.

चेहऱ्याला ‘आजी’ हे नाव देऊ नका. तुमची आजी तुमच्या मुलाची पणजी आहे, आणि पुढच्या पिढीत घरात चार आज्या होतील. पूर्ण नाव द्या, नातं टिपेत लिहा. बायकांच्या बाबतीत अजून एक पेच: लग्नाआधीचे फोटो माहेरच्या नावाखाली आणि नंतरचे सासरच्या, असं झालं तर सॉफ्टवेअरला त्या दोन व्यक्ती वाटतात. एकच टॅग ठेवा आणि त्यातच दोन्ही आडनावं लिहा. हाक मारायचं नावही घाला, कारण शोधताना तेच आठवतं.

हे काम घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवून करा, आणि आधी. समूहफोटोत मागच्या रांगेत डावीकडून तिसरं कोण, हे सांगणारी माणसं कमी होत जातात. डिजिकॅम चेहरा ओळखेल, पण नाव माणसानेच सांगावं लागतं.

दुहेरी फोटो आणि दुरुस्ती

दुहेरी फोटो काढून टाकायला हात शिवशिवतात. थांबा. तारखा आणि नावं लागण्यापूर्वी पुसाल तर कदाचित चांगली प्रतच जाईल. डिजिकॅममध्ये सारखे फोटो शोधायची सोय आहे. फक्त हे काम करणारं चकाव्का नावाचं मोफत साधनही चांगलं आहे. आधी तंतोतंत सारख्या फाइल काढा, त्यात धोका नाही. मग दिसायला सारखे असलेले बघा: त्यात एक मूळ असेल आणि एक व्हॉट्सॲपवरून फिरून आलेला. पिक्सेल जास्त आणि एक्झिफ शाबूत असलेला ठेवायचा. पुसायचे ते थेट न पुसता ‘बाद’ नावाच्या फोल्डरात सहा महिने पडू द्या.

दुरुस्तीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. घरच्या फोटोंना सरळ करणं, छाटणं, उजेड वाढवणं आणि फ्लॅशने लाल झालेले डोळे काळे करणं एवढंच लागतं, आणि ते वरच्या जवळजवळ सगळ्यांत होतं. फोनवर स्नॅपसीड मोफत आणि जाहिरातींशिवाय आहे. स्कॅन केलेल्या फोटोवरच्या चिरा-डाग काढायचे असतील तर संगणकावर गिंप हे मोफत सॉफ्टवेअर, पण शिकायला वेळ द्यावा लागेल. एकच पथ्य: जेपीजी फाइल प्रत्येक वेळी बदलून सेव्ह केली की थोडी खराब होते, म्हणून दुरुस्ती नेहमी प्रतीवर करा. छापायचा असेल तर चार बाय सहा इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल पुरेत, आठ बाय बाराला २४०० बाय ३६०० हवेत. इतकं छाटू नका की त्याच्या खाली जाईल. आणि जुन्या पुसट चेहऱ्यांना एआयने ‘स्पष्ट’ करणारी ॲप वापरलीत तर ती प्रत वेगळी ठेवून टिपेत तसं लिहा. ते डोळे-नाक अंदाजाने काढलेले असतात, पणजोबांचे नसतात.

मग घ्यायचं काय

बहुतेक घरांना एक सॉफ्टवेअर पुरत नाही, जोडी लागते. रोज फोनवर बघायला, शोधायला आणि नातेवाइकांना पाठवायला गूगल फोटोज, सगळे आयफोनवाले असतील तर ॲपल. आणि मुख्य कोठार म्हणून संगणकावरचे साधे फोल्डर, त्यांच्यावर डिजिकॅम. नावं, तारखा, टिपा हे कष्टाचं काम फक्त डिजिकॅममध्ये करायचं, क्लाउडमध्ये नाही. दर तीन-चार महिन्यांनी फोनमधले नवे फोटो केबलने कोठारात आणायचे. संगणकच नसलेलं घर असेल तर गूगल फोटोज ‘ओरिजिनल क्वालिटी’वर ठेवा आणि वर्षातून एकदा टेकआउट काढून हार्ड डिस्कवर टाका. जेसनची कटकट आत्ता सोडवली नाही तरी चालेल, माहिती हाताशी असणं महत्त्वाचं.

छायाचित्रणाचा छंद असणाऱ्याने लाइटरूमची वर्गणी खुशाल भरावी. पण छंदाचे फोटो आणि घरचे फोटो एकाच कॅटलॉगमध्ये ठेवू नयेत. छंद सुटला की वर्गणी सुटते.

शेवटची पायरी: प्रती

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा जुना नियम पुरेसा आहे. घरगुती भाषेत: एक प्रत संगणकावर किंवा कामाच्या डिस्कवर, दुसरी एका वेगळ्या हार्ड डिस्कवर, जी कॉपी झाल्यावर काढून कपाटात ठेवायची, आणि तिसरी क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी बहिणीच्या घरी. दुसरी डिस्क कायम जोडून ठेवली तर खंडणीखोर व्हायरस आला की दोन्ही एकदम कुलूपबंद होतात. विंडोज आणि मॅक दोन्हीवर वापरायची असेल तर डिस्क ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करा. बहिणीकडची डिस्क दिवाळीला गेल्यावर बदलून आणा.

गूगल फोटोज किंवा आयक्लाउड हे बॅकअप आहे असं समजून दुसरी प्रत टाळू नका. तिथे एका ठिकाणी पुसलं की सगळीकडून जातं. आणि वर्षातून एकदा कपाटातली डिस्क लावून कुठलेही पाच-दहा फोटो उघडा. टीप दिसते का, नाव दिसतं का, व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का ते बघा. डिस्क खरखर करत असेल किंवा कॉपी व्हायला अवाजवी वेळ लावत असेल तर त्याच आठवड्यात नवी घ्या.